चाळलेला चिखल

घड्याळजींचं धुळीशी वैर होतं आणि ते धंद्यातून आलेलं होतं. चाळीस वर्षं ज्याने डोळ्याला भिंग लावून लोकांच्या घड्याळांतले कण चिमट्याने उचलले, त्याला धुळीबद्दल माया कुठून वाटणार? घड्याळ नव्याण्णव वेळा घाणीने बंद पडतं आणि एकदा मालकाच्या मूर्खपणाने, असं ते म्हणत, आणि दुसरं कारण सांगताना समोरच्या गिऱ्हाइकाकडे रोखून बघत. अशा माणसाने हौसेसाठी काय निवडावं, तर डोंगरात आणि चिखलात हुंदडायला बनवलेली जीप. यातला विनोद सगळ्या गल्लीला कळला होता, फक्त घड्याळजींना कळायचा राहिला होता.

तसा त्यांचा संग्रह तीन वाहनांचा. एक साइडकार जोडलेली स्कूटर, एक मागे इंजिन असलेली बुटकी मोटार आणि ही जीप. पहिली दोन अंगणामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहत. जीप मात्र घरात, तळमजल्याच्या मोठ्या खोलीत, शटरच्या आत, पुसलेल्या फरशीवर. घरची माणसं वरच्या मजल्यावर. कोणाला यात काही वावगं वाटलं तर घड्याळजी शांतपणे सांगत की माणसाला जिना चढता येतो.

माणसाला येत होता तोवर ठीक होतं. दोन वर्षांपूर्वी बायकोच्या उजव्या गुडघ्याने संप पुकारला. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला, उजेडासमोर धरला, जीभ टाळूला लावून च् च् केलं आणि सांगितलं की गुडघा बदलावा लागेल. बदलल्यावर तीन महिने जिन्याचं नाव काढायचं नाही, झोपायची सोय खाली करा. खाली दोनच खोल्या. एक घड्याळजींचं बंद केलेलं दुकान, तेही इतकं चिंचोळं की दुसरं गिऱ्हाईक आत यायचं तर पहिल्याने बाहेर पडावं लागे. आणि दुसरी जीपची.

जीप शेडमध्ये हलवा, असं कोणीही म्हणेल. घड्याळजींनी ते करून बघितलं होतं. शेड रिकामी करून, टेप लावून, तीनदा. जीप वीतभर लांब भरली. म्हणजे शेपूट बाहेर.

"राहू दे की शेपूट बाहेर," बायको म्हणाली.

घड्याळजींचा चेहरा पडला. उघड्यावर ठेवण्यापेक्षा विकून टाकेन, असं ते रागाच्या भरात बोलून बसले. मग विका, असं बायको म्हणाली. आणि गाडं तिथेच रुतलं ते दोन वर्षं रुतलं. ऑपरेशनची पहिली तारीख आली आणि गेली, कारण खोली रिकामी नव्हती. दुसरी तारीखही त्याच कारणाने गेली. नातेवाइकांत घड्याळजींची छी-थू झाली. बायकोपेक्षा गाडी जास्त झाली का, असं लोक त्यांना तोंडावर विचारू लागले, आणि बायकोचा धाकटा भाऊ, जो आयुष्यभर विमा विकत आल्यामुळे कोणालाही काहीही समजावू शकत असे, तो तर दर आठवड्याला येऊन व्याख्यान देऊन जाई.

घड्याळजी ऐकून घेत. कारण त्यांना खरंच लाज वाटत होती. बायको आता जिना उलटी चढायची, म्हणजे पायरीवर बसून, हातांवर भार देऊन, मागे मागे सरकत. सोळा पायऱ्या. आणि प्रत्येक पायरीला ती खालच्या जीपला उद्देशून "लोखंड" असं म्हणायची. खाली जीपचं हॅण्डल पुसत असलेल्या घड्याळजींना सोळा वेळा ते ऐकू यायचं. सोळाव्यानंतर वरचं दार बंद व्हायचं आणि ते फडकं तसंच हातात धरून उभे राहायचे. एके दिवशी ती आठव्या पायरीवर थांबली आणि बराच वेळ काहीच बोलली नाही. तेव्हा त्यांनी फडकं खाली ठेवलं आणि मेहुण्याला फोन लावला की जाहिरात दे.

आता ही जीप होती कोण, तेही सांगायला हवं. ती एका सर्व्हे खात्यासाठी बनलेल्या थोड्याशा गाड्यांपैकी एक. मागचा भाग नेहमीपेक्षा लांब, मागचं दार बाजूला उघडणारं, आणि रंग ओल्या शेवाळासारखा. खात्याने गाडी मंजूर केली, ती आली, पण ड्रायव्हरची जागा काही मंजूर झाली नाही. सहा वर्षं ती ताडपत्रीखाली उभी राहिली आणि मग लिलावात निघाली. घड्याळजींनी घेतली तेव्हा सीटवरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. ते त्यांनी नंतरही काढलं नाही. एकतीस वर्षं दर रविवारी सकाळी त्यांनी ती सुरू केली, घड्याळ लावून अकरा मिनिटं चालू ठेवली आणि टायर एकाच जागी बसू नयेत म्हणून हातभर पुढे, हातभर मागे अशी फिरवली. मीटरवर जे काही आकडे पडले होते त्यातले बरेच त्या खोलीतच पडले असावेत.

जाहिरातीचा मजकूर त्यांनी स्वतः लिहिला. त्यात गाडीची माहिती चार ओळींत आणि अटी सतरा. पावसात नेऊ नये. वाळूत नेऊ नये. कच्च्या रस्त्यावर नेऊ नये. टायरच्या खाचा दर पंधरवड्याला दातांच्या ब्रशने साफ कराव्यात. मेहुण्याने वाचलं आणि डोकं धरलं. "भाऊजी, ही गाडी विकताय की हॉस्पिटलात भरती करताय?" तरी त्याने ती तशीच दिली, कारण घड्याळजी एक शब्द गाळायला तयार नव्हते.

पहिला आला तो हॉटेलवाला. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, मान डोलावली आणि विचारलं की मधोमध कापता येईल का. पुढचा अर्धा भाग त्याला हॉटेलच्या दारात काउंटर म्हणून हवा होता. बॉनेटवर फुलदाणी ठेवायची. घड्याळजींनी त्याला चहासुद्धा विचारला नाही. मेहुणा हळहळला, कारण हॉटेलवाल्याने किंमत ऐकून कपाळाला आठी घातली नव्हती. बायको काही बोलेल अशी सगळ्यांची अपेक्षा होती, पण ती एवढंच म्हणाली की कापायची म्हणजे जरा अतीच झालं.

दुसरा संग्राहक. पांढरे हातमोजे घालून आला. घड्याळजींना तो दारातच आवडला. दोघं तीन तास खोलीत होते. संग्राहकाने बॅटरी मारून चाकामागची जागा बघितली, हत्यारांच्या पेटीतले पाने मोजले, कारखान्याचं माहितीपुस्तक मूळ वेष्टनात बघून त्याचा आवाज कापरा झाला. शेवटी घड्याळजींनी त्याला आपलं भिंग दिलं. असं त्यांनी कोणाला कधीच दिलं नव्हतं. संग्राहकाने स्क्रूंच्या खाचा बघितल्या, भिंग परत केलं, हातमोजे काढले आणि सांगितलं की तो ही गाडी घेऊ शकत नाही.

"माझ्याच्याने इतकी स्वच्छ राहणार नाही," तो म्हणाला. "माझ्याकडे आली की बिघडेल. मला झोप लागणार नाही."

घड्याळजी दोन दिवस हवेत होते. आयुष्यात इतकं मोठं बक्षीस त्यांना मिळालं नव्हतं. मेहुणा मात्र खुर्चीत बसून म्हणत राहिला की विकत घेऊ नये इतकी चांगली वस्तू ठेवणारा माणूस त्याने पहिल्यांदाच पाहिला. ऑपरेशनची तिसरी तारीख पुढच्या सोमवारची होती आणि हातात आठ दिवस राहिले होते. बायको आता नक्की भांडणार म्हणून घड्याळजी तयारीत होते. ती म्हणाली, "जाऊ दे, लोक काय, येतील," आणि चहाचं आधण ठेवायला सांगितलं. बाईमाणसाचा राग असा उलटा वळला की जास्त भीती वाटते, त्यामुळे घड्याळजींनी चहात साखर दुप्पट घातली.

तिसरा फोन जनावरांच्या डॉक्टरीणबाईंचा आला. त्यांनी आधी पोटभर हसून घेतलं. मग विचारलं की डोंगरात चालणारी गाडी कच्च्या रस्त्यावर न्यायची नाही, तर न्यायची कुठे? मेहुण्याने फोन घाईघाईने आपल्या हातात घेतला आणि तुम्ही याच, असं सांगितलं.

डॉक्टरीणबाई आल्या त्या गमबूट घालून. धिप्पाड बाई, कोपरापर्यंत बाह्या वर, आणि अंगाला औषधाचा वास. त्यांनी रंगाकडे बघितलंही नाही. सरळ फरशीवर उताण्या झोपल्या आणि गाडीखाली सरकल्या. खालून "बरं आहे" असा आवाज आला. बाहेर येऊन त्यांनी म्हशीच्या पाठीवर मारावी तशी बॉनेटवर थाप मारली. घड्याळजींनी फडक्याने तिथला ठसा पुसला. मग त्यांनी मागचं दार उघडून आत वासरू मावेल का ते बघायला घेतलं. टेप नको म्हणाल्या. मेहुण्याला मागे चढवलं, चार पायांवर उभं केलं, मान खाली घालायला लावली, एका बाजूने ढकलून बघितलं आणि म्हणाल्या, मावेल. विमेवाला मेहुणा आयुष्यात पहिल्यांदाच काही न बोलता खाली उतरला.

त्यांचं काम असं की ओढ्यापलीकडच्या गोठ्यांवर, टेकडीमागच्या कुरणांवर, जिथे रस्ता संपतो तिथून पुढे. आधीची गाडी गेल्या महिन्यात चिखलात अडकली, त्या दोन मैल चालत गेल्या, आणि पोचल्या तेव्हा गाय वाचली पण वासरू गेलं होतं. हे त्यांनी सांगितलं तेव्हा त्या हसत नव्हत्या.

"म्हणून काका, मला एकच गोष्ट बघायची आहे," त्या म्हणाल्या. "हिला चिखलात घाला आणि बाहेर काढून दाखवा. निघाली तर त्याच दिवशी घेऊन जाते."

गुरुवारी सकाळी दहा वाजता ठरलं. जागा म्हणून त्यांनी जवळच्या ओढ्याचा काठ सुचवला. घड्याळजी ताठ झाले. ओढ्यात काचा असतात, काटे असतात, धारदार दगड असतात, कोणी काय काय टाकलेलं असतं. त्या चिखलाची कसली खात्री? चिखल मी देतो, असं त्यांनी सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी मेहुण्याकडे बघितलं. मेहुण्याने आकाशाकडे बघितलं.

पुढचे तीन दिवस घड्याळजींनी घरी चिखल केला. दोन मजूर लावून शेडमागच्या मोकळ्या जागेत लांबलचक खड्डा खणून घेतला. निघालेली माती ताडपत्रीवर पसरली. पहिल्यांदा ती वाळूच्या चाळणीतून चाळली. ती जाडसर वाटली म्हणून मग स्वयंपाकघरातून पिठाची चाळणी आणली. तीन दिवस माणूस सकाळपासून स्टुलावर बसून माती चाळत होता. रंगावर एकसुद्धा ओरखडा उठता कामा नये. चाळणीत उरलेले खडे त्यांनी फेकले नाहीत, तेही धुतले आणि आकारानुसार तीन पोत्यांत भरले, कारण वस्तू नको असली म्हणून ती घाण ठेवायची असं थोडंच आहे. पाणी आदल्या रात्रीपासून टाकीत निवळत ठेवलं होतं. वरचं नितळ पाणी तेवढं घेतलं.

बायको खुर्ची टाकून बाजूला बसली होती आणि सूचना देत होती. पातळ झालाय. आता घट्ट झालाय. मजूर खड्डा पुरे म्हणाले तेव्हा तीच म्हणाली, "आणखी हातभर खोल करा. डॉक्टरीणबाईंची खात्री पटायला हवी." घड्याळजींना तिचं कौतुक वाटलं. ज्या लोखंडाला ती दोन वर्षं सोळा-सोळा वेळा नावं ठेवत आली, त्याच्या परीक्षेसाठी आता स्वतः राबते आहे. किती समजूतदार बायको, असं ते मनात म्हणाले, आणि हातभर खोल करून घेतलं.

बुधवारी संध्याकाळी चिखल तयार झाला. तपकिरी, मऊ, एकजीव. घड्याळजींनी त्यात बोट बुडवून दोन बोटांत चोळून बघितला आणि भिंगाखाली धरला. एकही कण टोचत नव्हता. असा चिखल पृथ्वीवर कोणी केला नसेल, याबद्दल त्यांची खात्री होती, आणि तेवढ्यापुरतं त्यांचं बरोबरच होतं. गुरुवारी पहाटे उठून त्यांनी गाडी पुसली, काचा पुसल्या, आणि गाडी शेवटचीच दिसणार म्हणून टायरना ग्लिसरीन लावून चांगली झळाळी आणली.

दहाला डॉक्टरीणबाई आल्या. घड्याळजी पांढरा सदरा घालून स्टिअरिंगवर बसले, बाई शेजारी. मेहुणा काठावर उभा. बायको खुर्चीत. अकरा मिनिटांच्या सवयीने इंजिन जरा खोकलं, मग लागलं, आणि जीप आयुष्यात पहिल्यांदा चिखलाकडे निघाली. पुढची चाकं आत गेली. मागची गेली. मध्यावर पोचली आणि थांबली. चाकं फिरत होती, गाडी नव्हती.

"फोर व्हील टाका," बाई म्हणाल्या.

घड्याळजींनी दांड्याकडे बघितलं. त्यावर बायकोने शिवलेली खोळ होती, बटणाची.

"हा चालतो ना?" बाईंनी विचारलं.

"दर महिन्याला तेल घालतो."

"ते ठीक. टाकलाय कधी?"

घड्याळजी खरं बोलणारा माणूस. नाही म्हणाले. त्यांनी बटण काढलं, खोळ घडी करून खिशात ठेवली आणि दांडा ओढला. एकतीस वर्षं तेल पिऊन तृप्त झालेला दांडा अलगद आला. आता चारही चाकं सारख्याच निष्ठेने जागच्या जागी फिरू लागली. गाडी हळूहळू, कुठलीही घाई न करता, खाली बसत गेली आणि तिचं पोट चिखलाला टेकलं. मेहुणा काठावरून म्हणाला की भाऊजी, ती बुडतेय. जसं काही घड्याळजींना ते आतून दिसत नव्हतं.

डॉक्टरीणबाई दार उघडून खाली उतरल्या आणि गुडघ्यापर्यंत आत गेल्या. वाकून त्यांनी मूठभर चिखल उचलला, बोटांतून सोडला, पुन्हा उचलला.

"काका, हा चिखल आणला कुठून?"

"घरी केलाय."

"यात खडे नाहीत."

"एकही नाही," घड्याळजी अभिमानाने म्हणाले. "पिठाच्या चाळणीने काढलेत."

"मग चाक धरणार कशाला? हे तर लोणी झालंय." त्यांनी टायरवर हात फिरवला, हात नाकाशी नेला. "आणि याला काय लावलंय?"

घड्याळजींनी सांगितलं. जनावरांच्या डॉक्टरला पुष्कळ काही बघायची सवय असते, पण ग्लिसरीन लावून चिखलात उतरलेला प्राणी त्यांनी बघितला नसावा.

काठावरून बायको म्हणाली की डॉक्टर, उगाच त्रास घेऊ नका, तुम्हाला उशीर होत असेल, गाडी आम्ही बघू नंतर. गुरुवार होता. सोमवारी तारीख. ही बाई गेली की गाडी जात नव्हती, आणि गाडी गेली नाही की बायको आणखी वर्षभर उलटी जिना चढणार होती. गाडी हातून जाण्याचं दुःख त्यांना खरंच होतं, पण त्या क्षणी ती न जाण्याची भीती त्याहून मोठी झाली, आणि याचं त्यांनाच नवल वाटलं.

"थांबा," ते म्हणाले. "जाऊ नका. काय करायचं ते सांगा."

"चाकांखाली काहीतरी खरखरीत पाहिजे. ते चाळलेले खडे फेकलेत कुठे?"

"धुऊन ठेवलेत," घड्याळजी म्हणाले. "तीन पोती. बारीक, मध्यम आणि मोठे."

बाईंनी डोळे मिटून घेतले आणि मोठे आधी आणा म्हणाल्या.

मग जे झालं ते गल्लीतल्या लोकांनी गच्चीवरून बघितलं आणि कित्येक दिवस एकमेकांना सांगितलं. पांढऱ्या सदऱ्यातले घड्याळजी चिखलात गुडघ्यांवर बसले होते आणि ज्या हातांनी खडे वेचून काढले त्याच हातांनी ते पुन्हा चिखलात घालत होते. एकेका चाकाखाली, दाबून, ठोकून, कोपरापर्यंत हात खुपसून. चष्मा माखला तेव्हा त्यांनी तो काढून खिशात टाकला आणि चाचपडत काम केलं. मोठे संपले, मध्यम घातले. तिसरं पोतं त्यांनी स्वतःच टायरवर ओतलं आणि मुठींनी घासलं, ग्लिसरीन निघावं म्हणून. ओरखडे उठत होते ते त्यांना ऐकू येत होतं. ते थांबले नाहीत.

बाई स्टिअरिंगवर बसल्या. घड्याळजी आणि मेहुणा मागून ढकलायला. इंजिनचा आवाज चढला, चाकांखाली खडे करकरले, आणि मागच्या दोघांवर चिखलाचा असा फवारा आला की मेहुण्याचं उघडं तोंड त्यात भरलं. जीप एकदा डावीकडे डुलली, एकदा उजवीकडे, आणि धाडकन उडी मारून काठावर चढली. वर जाऊन उभी राहिली. खिडक्यांपर्यंत माखलेली.

घड्याळजींनी सदऱ्याच्या आतल्या बाजूने चष्मा पुसला आणि तिच्याकडे बघितलं. आपल्याला रडू येईल अशी त्यांची अटकळ होती. पण तिला ते शोभत होतं. वाईट वाटावं असं एवढंच की हे त्यांना एकतीस वर्षं कळलं नव्हतं. आणि इंजिन खोकत नव्हतं. नुसती किल्ली दिलेलं घड्याळ आणि मनापासून चालणारं घड्याळ यांच्या आवाजातला फरक त्यांना डोळे मिटूनही कळत असे, आणि हा दुसरा आवाज होता.

"घेतली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

कागद तयारच होते. चिखलाच्या बोटांनी सह्या झाल्या, पैशांचंही बाईंनी लगेच केलं. घड्याळजींनी एक तासाची मुदत मागितली, धुऊन देतो म्हणाले. बाईंनी घड्याळात बघितलं. टेकडीमागे एक घोडी अडल्याचा फोन नुकताच आला होता. धुवायला वेळ नाही, आणि धुतली तरी तासाभरात हीच दशा, असं त्या म्हणाल्या. मग घड्याळजींनी टायरच्या खाचांसाठी ठेवलेला नवा दातांचा ब्रश तरी त्यांच्या हातात ठेवला. बाईंनी तो मान राखून घेतला. कुत्र्यामांजरांच्या दातांना होईल म्हणाल्या. मग गिअर पडला आणि जीप गल्लीतून बाहेर गेली, मागे चिखलाची ढेकळं टाकत. वळणावर तिने हॉर्न दिला. त्या हॉर्नचा आवाज घड्याळजींनी आजवर कधी ऐकला नव्हता, कारण खोलीत वाजवायचा कोणासाठी?

मेहुणा नळाखाली जाऊन बसला. घड्याळजींनी तसंच जाऊन शटर पूर्ण वर केलं. खोली मोठी दिसत होती. हातांना काम हवं होतं, म्हणून त्यांनी टेप काढली आणि मापं घ्यायला लागले. पलंग इथे, भिंतीला लागून. डोकं खिडकीकडे. रात्री हाक मारायला घंटी, हाताला येईल अशी. न्हाणीघरापर्यंत धरायला दांडा. ते मोठ्याने बोलत होते, मापं सांगत होते, आणि बऱ्याच वेळाने त्यांच्या लक्षात आलं की उत्तर येत नाहीये.

बायको जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर बसली होती. घड्याळजींना वाटलं गुडघा लचकला. ते धावत आले.

"त्या बाई फार लांब गेल्या नसतील ना?" ती म्हणाली.

"का?"

"फोन करा त्यांना. म्हणावं, आमचा विचार बदलला."

घड्याळजी बघतच राहिले. तासाभरापूर्वी हे वाक्य कानावर पडतं तर ते पायात चपला न घालता गल्लीच्या टोकापर्यंत पळाले असते.

"काय बोलतेस तू? सोमवारी तुझं ऑपरेशन आहे."

"म्हणूनच म्हणते." ती त्यांच्याकडे बघत नव्हती. "मला भीती वाटते हो. पहिल्या दिवसापासून वाटते. ते हाड कापतात. मी फोटोत बघितलंय, करवत असते. ती गाडी होती तोवर बरं होतं. खोली रिकामी नाही म्हटलं की झालं. कोणी मला विचारत नव्हतं."

घड्याळजींना आधी राग आला. चांगला सणसणीत आला. दोन वर्षं नातेवाइकांनी त्यांना दगडाच्या काळजाचा माणूस ठरवलं होतं, मेहुण्याने दर आठवड्याला डोकं खाल्लं होतं, स्वतःच्या नजरेतून ते रोज सोळा पायऱ्या खाली उतरत होते.

"म्हणजे दोन वर्षं मी लोकांचं बोलणं खाल्लं ते फुकटच?"

"फुकट कशाला," ती म्हणाली. "माझ्या वाटचं खाल्लंत."

घड्याळजी चिखलाच्या कपड्यांनिशी तिच्या शेजारी पायरीवर बसले. चिखल वाळत चालला होता आणि अंग ओढलं जात होतं. बायको नाक ओढत होती. रागही हळूहळू उतरत होता, कारण त्याच्या खाली आणखी एक गोष्ट निघाली होती आणि ती त्यांना चांगली ओळखीची होती. जी वस्तू मोडेल अशी भीती वाटते ती माणूस वापरायलाच काढत नाही. हे त्यांनी स्वतः एकतीस वर्षं केलं होतं. तिने दोन वर्षं केलं तर तिला कोणत्या तोंडाने बोलायचं?

त्यांनी चिखल वाळलेल्या हातानेच खिशातून फोन काढला. बायकोला वाटलं डॉक्टरीणबाईंना लावतायत. तिने पटकन डोळे पुसले आणि सरळ बसली. पण फोन हॉस्पिटलला लागला. सोमवारी नक्की येतोय, असं घड्याळजींनी सांगितलं. मग विचारलं की ऑपरेशन चालू असताना नवऱ्याला आत बसता येईल का. पलीकडच्या बाईने नाही म्हटलं. दाराबाहेर? दाराबाहेर खुर्च्या नाहीत, ती म्हणाली, नातेवाईक खाली हॉलमध्ये बसतात.

"स्टूल माझं मी आणतो," घड्याळजी म्हणाले. "अगदी दाराला लागून बसेन. मला चाळीस वर्षांची सवय आहे, हलत नाही मी."

पलीकडून विचारून सांगते असं उत्तर आलं. घड्याळजींनी फोन खाली ठेवला. बायको समोरच्या रिकाम्या खोलीकडे बघत होती. बघता बघता तिने हाताच्या पाठीने नाक पुसलं.

"उशी घेऊन या बसायला," ती म्हणाली. "दोन तास लागतात म्हणे."